बारावीनंतरचा प्रवेश: खानदेशातल्या घरांसाठी कागदांचं आणि मनाचं वेळापत्रक

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. प्रवेशाचं मार्गदर्शन आणि मुलांशी बोलणं ही दोन्ही कामं माझ्याकडे आहेत, आणि माझी स्वतःची मुलगी याच वाटेने इंजिनिअरिंगला गेली. मे ते ऑगस्ट या काळात आमच्याकडे जी रडारड होते, तिच्यातली बरीचशी मार्कांमुळे होत नाही. ती होते कागद वेळेवर हाती नसल्यामुळे आणि घरात पैशाबद्दल कुणी उघड न बोलल्यामुळे. ही दोन्ही कामं वर्षभर आधी उरकता येतात. ती उरकली की निकालाच्या आठवड्यात आईवडिलांना मुलाजवळ बसायला सवड मिळते. म्हणून हा लेख जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पालकांसाठी आणि मुलांसाठी, ज्या क्रमाने कामं करायची त्याच क्रमाने लिहिला आहे.

१. अकरावी कुठे करायची, हे बारावीनंतरचं पाहून ठरवा

दहावी झाली की आपल्याकडे लातूर, संभाजीनगर, नाशिक, पुणे, कोटा अशी नावं सुरू होतात. पाठवायचं तर पाठवा, पण आधी दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली: राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात ‘होम युनिव्हर्सिटी’, म्हणजे ज्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या कॉलेजांत तुम्ही स्थानिक धरले जाता ते, बारावी कुठून पास झालात त्यावर ठरते. बारावी आपल्या तीन जिल्ह्यांतून केली, तर होम युनिव्हर्सिटी म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. बारावी दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत केली, तर ती बदलते. जळगाव-शिरपूरकडच्या कॉलेजातच परत यायचं मनात असेल, तर हा फरक आधी मोजा.

दुसरी जास्त गंभीर आहे. इंजिनिअरिंगचा साधा महाराष्ट्र-उमेदवार ठरायला आणि मेडिकलच्या राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. त्याला मोजके अपवाद आहेत. आपली कितीतरी कुटुंबं सुरतला, उधना-लिंबायतकडे कामाला आहेत. मुलगा दहावी गुजरातेत करतो आणि बारावीला गावी आजोबांकडे येतो. नंदुरबारच्या सीमेवर आणि रावेर-बुऱ्हाणपूर पट्ट्यातही हेच होतं. अशा घरांनी दहावीच्या आधीच ठरवलं पाहिजे. बारावीच्या निकालानंतर यात काहीच दुरुस्त करता येत नाही. कोट्याला जाणाऱ्यांनीही बारावीचा फॉर्म कुठल्या राज्यातून भरला जाणार, हे क्लासवाल्यांना लेखी विचारावं.

क्लास लावण्यापूर्वी पावतीच्या मागचे नियम वाचा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याला सुट्टी हवी, सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, आणि मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी परत द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. क्लासवाले सगळंच पाळतात असं नाही. पण फी परतीचं कलम पावतीवर लिहून मागायला तुम्हाला कुणी अडवत नाही. दोन वर्षांची फी एकदम भरू नका. ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली मूल कॉलेजात पाऊलच टाकत नसेल, तर प्रॅक्टिकल कुठे होतात, हजेरी कोण मांडतं, हे जाऊन बघा.

२. कागद: अकरावीच्या दिवाळीआधी सुरुवात

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, म्हणून यावर सविस्तर लिहिते. आधी यादी:

- दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड, त्याला जोडलेला चालू मोबाईल नंबर
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र (लोक ‘डोमिसाइल’ म्हणतात तेच)
- उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला
- जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे ‘व्हॅलिडिटी’
- ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) यांना नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही
- खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांना ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- आधारशी जोडलेलं, मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं
- पासपोर्ट आकाराचे फोटो. परीक्षेच्या फॉर्मवर लावलेल्या फोटोच्याच जास्त प्रती ठेवा

यात सगळ्यात वेळखाऊ काम व्हॅलिडिटीचं. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण तो खरा आहे हे तपासण्याचं काम पडताळणी समिती करते. अर्ज कॉलेजमार्फत जातो आणि बारावी सायन्सच्या मुलांना तो बारावीत असतानाच करता येतो. अर्ज ऑनलाइन भरून छापील प्रत आणि मूळ कागद घेऊन जावं लागतं. अनुसूचित जमातीची समिती वेगळी आहे, आणि तिच्याकडे गरज वाटली तर दक्षता पथक गावी येऊन चौकशी करतं. त्यामुळे भिल्ल, पावरा, कोकणी, मावची, तडवी घरांनी आणखी लवकर हलावं.

समितीला जुना पुरावा हवा असतो. किती जुना, ते ठरलेलं आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीची जातीची नोंद आणि तिथलं वास्तव्य दाखवायचं. ती नोंद कुठे मिळते? आजोबा-पणजोबा ज्या शाळेत शिकले, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक पाहा. जुनी नोंद मोडीत निघाली तर घाबरू नका. मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून मूळ प्रतीसोबत जोडतात. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे काका, चुलत भाऊ, आत्या, वडिलांकडच्या कुणाची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ. भाऊबंदांशी अबोला असेल, तर या कामासाठी तो मोडा. मुलाचं वर्ष त्यावर अवलंबून आहे.

आपल्याकडची एक खास अडचण. आजोबांच्या कागदावर जिल्हा ‘पश्चिम खानदेश’ किंवा ‘पूर्व खानदेश’ असतो. पश्चिम म्हणजे नंतरचा धुळे, पूर्व म्हणजे जळगाव. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुव्याच्या घरात आजोबांचा कागद पश्चिम खानदेशचा, वडिलांचा धुळ्याचा आणि मुलाचा नंदुरबारचा, असे तीन जिल्हे दिसतात. ही चूक नाही. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात गाव तेच आहे, जिल्ह्याचं नाव बदललं, असं सरळ एक वाक्य लिहा.

नावातला फरक मात्र दुरुस्तच करावा लागतो. दाखल्यावर ‘भिकन’ आणि आधारवर ‘भिकनराव’, एका कागदावर आडनाव पाटील आणि दुसऱ्यावर वेगळं, आईचं नाव कुठे माहेरचं कुठे सासरचं. शाळेच्या रजिस्टरातली चूक मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त होते. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती फार लांबते.

तारखांचा सापळा: नॉन-क्रीमीलेअर ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. ईडब्ल्यूएस दाखला त्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून तो १ एप्रिलनंतर काढायचा. गेल्या वर्षीचा कागद फाइलला लावून निश्चिंत झालेले पालक मी दर वर्षी जुलैमध्ये पाहते.

आणखी एक. दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरचं ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २०२५ मध्ये माफ केलं. साध्या कागदावर चालतं. एजंट स्टॅम्पपेपरचे पैसे मागत असेल तर देऊ नका. सेतू केंद्रावर दरपत्रक लावलेलं असतं, आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून घरबसल्याही अर्ज करता येतो.

३. पैशाचं बोलणं मुलासमोर करा

कॉलेजची फी जुलै-ऑगस्टमध्ये येते. तेव्हा घरातला पैसा बी-बियाणं आणि खतात गेलेला असतो. कापूस घरात येतो दिवाळीच्या आसपास, आणि भाव पडले तर तोही विकला जात नाही. हे गणित मुलांना कळतं. बाप कुणाकडे हात पसरतोय हेही कळतं. त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून मूल एकटंच अपराधीपण घेऊन बसतं. बारावी सुरू झाली की एका संध्याकाळी वही घेऊन बसा: आपल्याकडे किती आहे, किती उभं करू शकतो, कर्ज घ्यावं लागेल का. मुलाला आकडे सांगा. त्याने मुलं घाबरत नाहीत, उलट त्यांचा जीव हलका होतो, हे मी वारंवार पाहिलं आहे.

मदत कुठून मिळते:

शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर सवलत गेली. आणि ‘पूर्ण माफ’चा अर्थ वसतिगृह, मेस, विकास शुल्क माफ असा नाही; तो खर्च वेगळा धरा. मुलीला ‘जवळच्या बीए-बीएस्सीला टाकू’ म्हणणाऱ्या प्रत्येक घरात मी हा निर्णय छापून दिला आहे. तुमच्या ओळखीत अशी मुलगी असेल तर तुम्हीही द्या.

राहण्या-जेवणासाठी: अनुसूचित जमातीच्या मुलांना आदिवासी विकासची वसतिगृहं आहेत, आणि जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून खात्यात रक्कम येते. आपल्या भागातली प्रकल्प कार्यालयं यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा इथे आहेत. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात पहिल्याच आठवड्यात विचारा.

कर्ज काढायचं तर गावातल्या सावकाराआधी बँकेत जा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी केंद्राची पतहमी योजना आहे, तारण मागितलं तर तिचं नाव घ्या. आणि ‘डोनेशन’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्याला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती ऑनलाइन पाहता येते.

४. परीक्षेचं वर्ष

इथे थोडक्यातच, कारण अभ्यासाचं सांगणारे पुष्कळ आहेत. इंजिनिअरिंगसाठीची राज्याची एमएचटी-सीईटी २०० गुणांची, उणे गुण नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण २० टक्के भार अकरावीवर असतो, तेव्हा अकरावी वाऱ्यावर सोडू नका. मेडिकलची नीट ७२० गुणांची, १८० प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. तिथे अंदाजाने गोळे रंगवणं महागात पडतं. दोन्ही परीक्षांची सवय वेगळी, सराव वेगळा.

परीक्षा येतात एप्रिल-मेमध्ये. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) पाहुणे, लगीनसराई, वर वीज गेलेली. मुलाला लग्नांतून सूट द्या आणि नातेवाइकांना ते तुम्हीच सांगा, त्याला सांगायला लावू नका. अभ्यास पहाटे आणि रात्री, दुपारी झोप. केंद्र दुसऱ्या शहरात आलं असेल तर आदल्या दिवशी पोहोचा.

५. जवळ काय आहे, ते आधी नीट पाहा

पुण्याच्या नावाची ओढ मला कळते. पण जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्यापीठाची स्वतःची रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था जळगावच्या परिसरातच आहे. धुळ्याला कृषी महाविद्यालय, तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतन, शिरपूरला इंजिनिअरिंग आणि फार्मसी, अमळनेरला जुनं प्रताप महाविद्यालय, जळगावला मू. जे. महाविद्यालय. पुण्यातल्या मागच्या रांगेतल्या खासगी कॉलेजात फ्लॅटचं भाडं भरून शिकण्यापेक्षा यातली चांगली शाखा बरी, असं माझं ठाम मत आहे. यादीतल्या कॉलेजांना उन्हाळ्यात जाऊन या. शिकणाऱ्या मुलांना दोनच प्रश्न विचारा: शिक्षक वर्गावर येतात का, आणि मेसचं जेवण कसं आहे.

६. कॅपच्या फेऱ्या

क्रम असा: नोंदणी, कागदांची तपासणी, तात्पुरती आणि अंतिम गुणवत्ता यादी, पर्याय भरणं, जागावाटप, जागा स्वीकारणं, कॉलेजात हजर होणं. तात्पुरती यादी आली की नाव, प्रवर्ग, गुण शब्दशः तपासा. हरकत घ्यायला दोन-तीन दिवसच असतात.

२०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि एक नियम अनेकांना ठाऊक नव्हता. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तरी तेच. ती जागा घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून ‘असंच टाकून बघू’ म्हणत वरच्या क्रमांकावर नको असलेलं कॉलेज कधीही लिहू नका. खरोखर हव्या त्या क्रमानेच लिहा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पहिल्या दिवशी डाउनलोड करून हा भाग वाचा, कारण नियम बदलतात.

मागच्या वर्षीचा कटऑफ पाहताना इंग्रजी अक्षरांत गोंधळू नका. सुरुवातीला ‘एल’ म्हणजे मुलींच्या जागा, ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण. शेवटी ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ म्हणजे बाहेरची, ‘एस’ म्हणजे राज्य पातळी.

फॉर्म सायबर कॅफेत भरला तरी पासवर्ड आणि ओटीपी तिथे ठेवून येऊ नका. पर्याय भरताना मूल स्वतः स्क्रीनसमोर हवं. या फेऱ्यांतच श्रावण लागतो, कानबाई येते, घर पाहुण्यांनी भरतं. मुदत कुणाच्या तरी डोक्यात राहावी म्हणून तारखा मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा.

७. निकालाचा आठवडा

निकाल मुलाने स्वतः आधी पाहावा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गुण टाकू नका, चांगले असले तरी. ‘अमक्याच्या पोरीला किती?’ हा प्रश्न घरात त्या आठवड्यापुरता बंद. गुण कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. आपलं विभागीय मंडळ नाशिकला आहे. नापास झालेल्यांसाठी पुरवणी परीक्षा त्याच वर्षी, निकालानंतर थोड्याच दिवसांत असते. नीटसाठी पुन्हा एक वर्ष द्यायचं की नाही, हे निकालानंतर निदान पंधरा दिवस गेल्यावरच ठरवा, आणि ठरवलं तर सोबत दुसरा एखादा प्रवेश हातात ठेवा.

लक्ष कशाकडे द्यायचं: झोप उडणं किंवा दिवसभर पडून राहणं, जेवण टाकणं, मित्रांचे फोन न घेणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, ‘मी तुमच्यावर ओझं झालो’ असं बोलणं. यातलं काही दिसलं तर बाजूला घेऊन सरळ विचारा, ‘जगणं नको असं वाटतंय का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही. विचारणारं कुणीतरी आहे, हे मात्र कळतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, रागावू नका, देवाच्या शपथा घालू नका. ऐका आणि त्याच दिवशी मदत घ्या. शेतकरी घरांना माझी कळकळीची विनंती: फवारणीची औषधं वर्षभर कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्यांकडे असू द्या.

टेलि-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन: १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. फोन मुलांनाही करता येतो, पालकांनाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून सरळ जाता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८. जीवावर बेतलंय असं वाटलं तर ११२.

८. घराबाहेरचे पहिले महिने

पहिल्या सत्रात आमची मुलं इंग्रजीला बिचकतात आणि बोलीला लाजतात. हॉस्टेलवर अहिराणीत फोन आला की खोलीबाहेर जातात. पावरी बोलणारी मुलं तर गप्पच होतात. घरच्यांनी आपली बोली सोडू नये, आणि ‘इंग्लिशमध्ये बोल बरं’ असा आग्रह फोनवर धरू नये. रोज एकदा ठरलेल्या वेळी बोला. गुणांआधी जेवलास का, मित्र कोण झाले, हे विचारा. पहिल्या चाचणीत गुण घसरतात, ते बहुतेकांचे घसरतात.

मुलाने पोचल्यावर करायची कामं: महाडीबीटीचा अर्ज भरणं, कॉलेजात समुपदेशक कुठे बसतात ते शोधणं (शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे), आणि रॅगिंगविरोधी नंबर १८००-१८०-५५२२ फोनमध्ये ठेवणं. मूळ कागद कॉलेजात जमा करण्याआधी सगळ्यांच्या स्कॅन प्रती डिजिलॉकरमध्ये आणि एक संच घरी. पालकांनी वॉर्डन आणि मुलाच्या एका मित्राचा नंबर घ्यायचा. आणि दिवाळीला घरी यायचं रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुण्या-मुंबईहून भुसावळकडे येणाऱ्या गाड्या त्या दिवसांत लगेच भरतात, म्हणून सुट्टीची तारीख कळताच येण्याचं आणि जाण्याचं, दोन्ही तिकिटं काढा.